सकाळी नवं केलेलं मन

वाणगाव स्टेशनवरून मी रोज ज्याच्या रिक्षात बसतो, त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. परवा फाटकापाशी मोटरसायकलवाल्यानं त्याला कट मारला. यानं तोंड उघडलं, शिवी गिळली आणि ओठातल्या ओठात पुटपुटत राहिला.

“शिवी अडकली काय रे?”

“येशूकडे आलोय, काका. मन नवं करायला लागतं. हे तोंड घरीपण चालायचं, म्हणून बायको तलासरीला माहेरी गेलेली. आता कुठं परत आलीय.”

“मग झालं का नवं?”

“सकाळी केलेलं. फाटकात परत जुनं झालं. रोज करायला लागतं.”

पुढं टेम्पो आडवा आला. याच्या मानेची शीर फुगली. त्याची बायको पुन्हा माहेरी जायला नको, म्हणून त्याच्या वतीनं मीच शिवी हासडली.

“काका, तुम्हीपण करून घ्या.”

“माझं जुनंच बरं चाललंय,” मी म्हटलं.