पद्माने काढलेलं घर

सिरोंच्याहून चंद्रपूरची एसटी सुटली तेव्हा आई खिडकीखाली उभी होती. ती तेलुगूत एवढंच म्हणाली, "तिकडे आपली भाषा काढू नकोस. लोक हसतात."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. चंद्रपूरजवळ कोळसा खाणीच्या वसाहतीतल्या शाळेत मी चित्रकला शिकवायला निघालो होतो. आईचं सांगणं मी गरजेपेक्षा जास्त पाळलं. स्टाफरूममध्ये तेलुगू मजुरांच्या बोलण्याची नक्कल व्हायची, तेव्हा मीही हसायचो.

वर्गात त्याच मजुरांची मुलं होती. इथेच जन्मलेली, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. प्रदर्शनासाठी मी 'माझे घर' हा विषय दिला. सगळ्यांनी डोंगर, सूर्य, झोपडी काढली. सातवीतल्या पद्माने मात्र कागदभर ठिपके मांडून त्यांच्याभोवती एकच रेघ वळवत नेली होती. आमच्याकडे रोज सकाळी दारात पिठाने काढतात तो मुग्गू. हेडमास्तर शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "नक्षी नको, घर काढ."

"क्वार्टर त कंपनीचं हाय सर," ती म्हणाली. "हे मायचं हाय."

मी कागद परत केला.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली आणि तेलुगूत बोलू लागली. मला तेलुगू येत नाही, असं मी मराठीत सांगितलं. मग एकमेकांचं बोलणं सांगायला पद्मा आमच्या मध्ये उभी राहिली. मी सिरोंच्याचा, हे तिच्या आईला ठाऊक असावं. ती पद्माला म्हणाली, "विचार सरांना, त्यांच्या आईनं कधी दारात मुग्गू घातला नाही का?"

मला शब्द न् शब्द कळला. पद्मा मान खाली घालून म्हणाली, "माय म्हणते, चुकलं असन त माफ करा."

मी माफ केलं.

पद्माने डोंगर, सूर्य, झोपडी काढून दिली. ते चित्र प्रदर्शनात लागलं. त्यानंतर तिने माझ्या तासाला मनापासून काही काढलं नाही. इतका चांगला हात असून पोरीने चित्रकला का सोडली, असं जुने सहकारी विचारत. मी तिच्या घरच्यांवर ढकलत आलो. ते खोटं होतं.

आता मी नागपुरात एकटा असतो. आई कधीच गेली. माझ्या मुलांना तेलुगू येत नाही. मीच येऊ दिली नाही. सिरोंच्यातल्या आणि तिथून निघालेल्या माझ्या माणसांनो, घर म्हटलं की मला आता गाव आठवत नाही, त्या बाईंचा प्रश्न आठवतो. त्याचं उत्तर मी तेलुगूत जुळवून पाहतो, मोठ्याने म्हणतोही. ऐकायला कुणी नसतं.

हो बाई, घालायची. रोज. मी उठायच्या आधी.