भट्टीपुढे अनवाणी

माणसाच्या मनगटात आठ हाडं असतात हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्यातलं एक, आणि त्याला लागून असलेलं हाताचं लांब हाड, अशी दोन्ही मोडल्यावर. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला. खडीसाखरेचे खडे एकमेकांना चिकटून बसावेत तशी ती हाडं बसलेली होती. दुखण्याने डोळ्यांत पाणी होतं, तरी मी बघतच राहिले. एवढ्याशा खड्यांच्या जोरावर मी इतकी वर्षं पोळ्या लाटल्या, चादरी पिळल्या, भांडताना हातवारे केले, आणि त्यांची कधी साधी विचारपूसही केली नाही.

मल्हारगंजातल्या एका नमकीनच्या कारखान्यात मी बारा वर्षं स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळत होते. कोणता माल कोणत्या गाडीत जायचा, काय संपलं, काय मागवायचं, हे सगळं माझ्याकडे. आजोबा मिलमध्ये क्लार्क म्हणून इंदूरला आले तेव्हापासून आमच्या घरात कुणी ना कुणी याद्या करतच आलं आहे. मीही त्यातलीच. माझी यादी चुकली असं म्हणणाऱ्याची मी गय करत नसे.

कारखान्यात पुढे ऑफिस आणि मागे भट्टीची खोली. त्या खोलीवर काकाजींचं राज्य. सत्तरीला टेकलेले, बेटम्याहून रोज पहिल्या बसने येणारे मुख्य कारागीर. चाळीस वर्षं त्याच भट्टीपुढे उभे राहिल्याने त्यांच्या भुवया केव्हाच जळून गेल्या होत्या. सेठने आणलेला थर्मामीटर खिळ्याला टांगलेला असे. काकाजी बेसनाचा एक कण तेलात टाकत, मान जरा वाकडी करून ऐकत, आणि "अभी नी" किंवा "हां, अब" म्हणत. मी खवचट. एकदा आठवडाभर त्यांच्या नकळत थर्मामीटर लावून बघितला. रोज त्यांच्या "अब"ला काटा त्याच आकड्यावर. शेवटी गुपचूप तो खिळ्याला परत टांगून ठेवला आणि त्या आठवड्यात ऑफिसात कुणाशी वाद घातला नाही.

भट्टीला ते माताजी म्हणत. सकाळी पेटवण्याआधी हळद-कुंकू, पहिल्या घाण्यातल्या शेवेच्या चार काड्या आगीला. आणि त्या खोलीच्या उंबरठ्याच्या आत पायताण नाही म्हणजे नाही. कारागीर, हमाल, मी, खुद्द सेठ, सगळे अनवाणी.

तिथली आणखी एक रीत. जमिनीवर तेल सांडलं की त्यावर कोरडं बेसन भुरभुरायचं. अन्नाच्या जागी राख नाहीतर भुसा कसा टाकणार? बेसन तेल पितं, मग ते खरवडून काढायचं. पण खरवडायला उशीर झाला तर ते असं काही निसरडं होतं की साबण परवडला.

एकदा सरकारी तपासणी व्हायची होती म्हणून सेठने सगळ्यांसाठी जाड रबरी तळाचे बूट आणले. वाटायचं काम माझं. मी रीतसर यादी केली, प्रत्येकाचं माप, समोर सही, सही येत नसेल त्याचा अंगठा. सर्वांत शेवटी माझं नाव आणि माझी वळणदार सही. तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, वाटणारीनेच घातले नाहीत तर बाकीचे कशाला घालतील? मी ऐटीत बूट घालून भट्टीच्या खोलीत शिरले. बाकीची मंडळी बाहेर जेवायला बसली होती, आत एकटे काकाजी. झारा हातात धरून ते वळले.

"दीदी, जूता बाहर."

"काकाजी, ये तो नए हैं. सेफ्टी के हैं."

"नए हों के पुराने. माताजी के सामने नी चलता."

आवाज चढवला नाही, पण मी मुकाट्याने मागे फिरले. संध्याकाळपर्यंत सगळी खोकी माळ्यावर गेली होती. कुणाला त्यांचं काही वाटलं नाही, मलाही नाही.

मी पडले ते दिवाळीच्या आधीच्या गर्दीत. गाडी दारात उभी होती आणि एक परात कमी पडत होती, म्हणून ती आणायला मी स्वतः आत गेले. भरलेली परात उचलली, वळले, आणि पाय त्या बेसनावर पडला. पुढचं मला आठवतं ते एवढंच की शेव सगळीकडे पसरली होती आणि काकाजी भट्टी सोडून माझ्याकडे धावत येत होते. कढईत घाणा असताना भट्टी सोडलेलं मी त्यांना तेव्हाच काय ते पाहिलं.

उजव्या हातात धातूची पट्टी बसवली, स्क्रू बसवले. सेठ फळं घेऊन आले, दवाखान्याचं बिलही त्यांनी भरलं. "दीदी, घर की बात है," म्हणाले. माणूस वाईट नव्हता, हे मी रागातही म्हणत असे. पण सहा महिन्यांनी हात जेवढा सुधारायचा तेवढा सुधारला, आणि मूठ काही पुरती मिटेना. वेणी घालता येईना, लिहिताना पेन बोटांतून निसटायला लागलं. मी कायद्याने नुकसानभरपाई मागितली तेव्हा घरची बात एकदम कोर्टाची झाली. सेठच्या वकिलाचं उत्तर आलं. कामगाराला सुरक्षेचे बूट दिले होते, तिने ते जाणूनबुजून घातले नाहीत, म्हणून दुखापतीला तीच जबाबदार. सोबत पुरावा जोडला होता. माझी यादी. माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीसकट.

आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. मी तो कागद वाचून इतकी संतापले की डाव्या हाताने डबा आपटला. भरपाईचं राहू द्या, पण "जाणूनबुजून"? बारा वर्षं एक पुडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि आता मी बेफिकीर बाई?

नवरा समजुतीने बोलला, "अगं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. छोड ना ही झंझट. तब्येतीकडे बघ."

"मी शहाणी नाहीये," मी म्हटलं, आणि देपालपूरच्या एका तरुण वकीलबाईंना जाऊन भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बूट घालून गेले होते आणि परत पाठवलं गेलं, हेही.

"हे कोणी पाहिलं?"

"काकाजींनी. ते आणि मी, दोघंच होतो."

"मॅडम, त्यांना तर सेठनेच गवाह केलंय. नोकरी त्यांची, रोटी त्यांची. ते कशाला बोलतील?"

पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार, हे मलाही कळत होतं. तरी मी काकाजींना फोन केला. बूट घालून आले होते ते तुम्हाला आठवतं ना, एवढंच विचारलं. पलीकडे बसचा आवाज येत होता. "देखते हैं, दीदी," म्हणाले आणि फोन ठेवला. मी त्या दिवशी त्यांना जे जे बोलले ते नवऱ्याने ऐकलं, काकाजींनी ऐकलं नाही, हे देवाचे उपकार.

मधल्या काळात सरकारी डॉक्टरांनी माझा हात मोजला. कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं एक साधन होतं. मनगट वर किती वळतं, खाली किती, आडवं किती, डॉक्टर हलक्या हाताने वळवून बघत होते आणि शेजारी एक जण लिहून घेत होता. माझ्या हाताकडे एवढ्या बारकाईने आजवर कुणी बघितलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. नमस्काराला हात जोडता येतात का, असंही त्यांनी विचारलं. मी जोडून दाखवले. तळवे टेकले नाहीत, मधे फट राहिली. त्यांनी ती फटही मोजली. या सरकारी खोलीत, रांगेत चाळीस माणसं उभी असताना, माझ्या नमस्काराचं माप कागदावर चढतंय याचं मला इतकं नवल वाटलं की दाराबाहेर येऊन मी पुन्हा एकदा हात जोडून बघितले.

काकाजींच्या साक्षीचा दिवस आला. लेबर कोर्टाची ती लहानशी खोली, वर घरघरणारा पंखा, भिंतीला टेकून उभे असलेले लोक. सेठ मागे बसले होते. पुकारा झाला तसे काकाजी दाराशी आले आणि त्यांनी चपला बाहेर काढल्या.

"अरे काकाजी, पहन के आ जाओ," शिपाई म्हणाला.

"ना भिया, ठीक है." ते तसेच आत आले आणि त्यांनी शपथ घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

सेठच्या वकिलांचे प्रश्न नेमके होते. बूट दिले होते? "हां साब, दिए थे." दीदींना मिळाले होते? "दीदी ने तो खुद बांटे." पडल्या त्या दिवशी त्यांच्या पायात होते? "ना." वकील समाधानाने खाली बसले.

आमच्या वकीलबाई उठल्या. त्यांचं काही ठरलेलं नव्हतं, हे मला त्यांच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं. त्यांनी विचारलं, "काकाजी, उस दिन आपने पहने थे?"

"ना."

"किसी ने पहने थे?"

"किसी ने नी."

"क्यों?"

पंखा फिरत होता. काकाजींनी एकदा मान वळवून मागे सेठकडे बघितलं. त्यात ना भीती होती ना राग, नुसती नोंद घ्यावी तसं बघितलं. मग न्यायाधीश साहेबांकडे वळले.

"मैं नी पहनने देता, साब. भट्टी के सामने जूता नी चलता. सेठजी भी बाहर उतारते हैं, इनके पिताजी भी उतारते थे. दीदी एक बार पहन के आई थी. मैंने लौटाया."

साहेबांचं पेन थांबलं. काकाजींना मात्र कुणी थांबवलं नव्हतं, म्हणून ते पुढे बोलत राहिले.

"और वो तेल पे बेसन भी मैंने ही डलवाया था. उठवाना रह गया. लिख लो साब, गलती मेरी है."

साहेबांनी चष्मा काढला. फार हळू आवाजात म्हणाले, "काकाजी, यहां गलती किसकी है ये नहीं पूछ रहे. ये बताइए, वो वहां काम से आई थीं?"

"काम से ही आई थी. भट्टी पे तफरी करने कौन आता है?"

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते लेखनिकाला सावकाश सांगू लागले, की त्या जागी बूट न घालण्याची रीत होती, आणि ती मालकाला ठाऊक होती. एकेक शब्द टाइप होत होता आणि मी डोळे मिटून ऐकत होते. मला देवळात कधी असं भरून आलेलं नाही. एक माणूस, ज्याला चाळीस वर्षांची रोटी सांभाळायची होती, त्याने ते खरं सांगायला मी वकीलबाईंना सांगताना घेतले त्याहूनही कमी शब्द घेतले होते. मी ज्याला भित्रा म्हटलं होतं तो हा माणूस. मला स्वतःची अतिशय लाज वाटली.

निकाल पुढे काही महिन्यांनी लागला, माझ्या बाजूने. काकाजींना सेठने काढलं नाही. काढलं असतं तर तेलाचं ऐकणारा दुसरा आणला कुठून असता?

पण त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. काकाजी व्हरांड्यातल्या बाकावर बसून चपला घालत होते. मी काही न बोलता त्यांच्या पायांशी वाकले, डावा हात पुढे केला, आणि तिथेच थबकले. बारा वर्षं ते पाय माझ्यासमोर अनवाणी वावरत होते आणि मी एकदाही खाली बघितलं नव्हतं. घोट्यापासून बोटांपर्यंत पांढरे आणि तांबूस डाग, एकावर एक. उकळत्या तेलाचे. एका पायाची दोन बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली होती.

"काकाजी, ये कब का है?"

"कौन सा?" त्यांनी विचारलं.

"सेठजी को कभी बोला नी?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं, जणू मी काही भलतंच विचारलं होतं.

"इसमें क्या बोलना, दीदी? ये तो काम का है."

दोन वर्षं मी, माझ्या वकीलबाई, ते डॉक्टर, आम्ही सगळे एवढी एकच गोष्ट सिद्ध करायला धडपडत होतो, की झालं ते कामामुळे झालं. काकाजी ते सहज बोलून गेले, आणि कामामुळे झालं म्हणूनच ते कुणाला सांगायचं नसतं असं त्यांना वाटत होतं. बेटम्याची बस चुकेल म्हणून ते उठले आणि जिना उतरून गेले. मी त्या बाकावर बसून राहिले.