मी समजावून सांगितलेली कपात

चहा घ्या, सांगतो. पण एक अट, मधे हसायचं नाही. आमच्या वाडीत हा विषय निघाला की लोक आधी हसून घेतात आणि मग माझ्याकडं बघतात. मला सांगायची पाळीच येत नाही. म्हटलं, निदान तुम्ही तरी माझ्या तोंडून ऐका.

मी हणमंत. फौजेत सिग्नलला हवालदार होतो. आलेला निरोप जसाच्या तसा पुढं पोचवायचा, एवढंच काम. उभी नोकरी त्यात गेली. पेन्शन घेऊन पलूसजवळच्या आमच्या वाडीत आलो आणि ऊस बघायला लागलो. पण उसाला काय निरोप द्यायचा असतो? पाणी सोडलं की तो गप उभा. मला काही करमेना.

अशात सांगलीला, विश्रामबागेत एका लग्नात आमच्या आमदार भेटल्या. सगळा मतदारसंघ त्यांना ताई म्हणतो. बाई साधी, पण नजर धारदार. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, मी मुंबईत विधानसभेत घसा कोरडा करते आणि इकडं लोक म्हणतात, ताई दिसत नाहीत. तुमचा आवाज खणखणीत आहे. मी तिथं काय केलं, तेवढं दर आठवड्याला वाडीला सांगाल का?"

आता खणखणीत म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?

तर ठरलं. ताईंचा मुंबईचा सहायक फोनवर मजकूर धाडायचा आणि मी तो सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून वाचायचो. अर्थसंकल्पात अमुक तरतूद. तमुक विधेयक पटलावर. पुरवणी मागण्यांवर चर्चा. गंगूआक्का म्हणून आमच्या वाडीतली म्हातारी आहे, सगळ्या वाडीवर तिचा दरारा. तिनं एकदा मला रस्त्यात धरलं आणि विचारलं, "हणमा, त्या पुरवणीला कुठनं मागणी आली रं? पोरगी कुणाची?"

घरी वेगळी तऱ्हा. आमची शालन म्हणाली, "आवं, तुमचा भोंगा सुरू झाला की म्हस पान्हा चोरती."

"अगं, ती कायद्याची भाषा असती."

"मग कळंल असं सांगा की. जसंच्या तसं सांगून कुणाला काय उमगतंय?"

सल्ला सोन्यासारखा होता. घोटाळा केला तो मी.

अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. सकाळी सहायकाचा मजकूर आला. आमच्या वाडीच्या आरोग्य केंद्राच्या विषयावर ताईंनी काल कपात सूचना मांडली, एवढाच. मी दोनदा वाचला. ऊर भरून आला. आमच्या वाडीचं नाव विधानसभेत! मग म्हटलं, नुसतं वाचून लोकांना कळायचं नाही. समजावून सांगू.

भोंग्यासमोर उभा राहिलो. मजकूर वाचला आणि पुढं माझ्या पदरचं जोडलं. म्हणालो, "म्हणजे ग्रामस्थहो, आपल्या आरोग्य केंद्रात कपात करावी, असं ताईंनी सरकारला सुचवलेलं आहे. धन्यवाद."

का बरं सुचवलं असेल, असा विचार माझ्या मनात आला का? आला. पण भोंगा बंद केल्यावर आला.

आता त्या केंद्राची गत ऐका. इमारत चांगली. पण डॉक्टरची जागा बरेच दिवस रिकामी. एकट्या सिस्टर सगळं बघायच्या. कुणाला जास्त झालं की गाडी करून मिरज गाठायची. त्यामुळं लोकांची पावलं तिकडं वळेनाशी झालेली. आवारात गाजरगवत माजलेलं, कुंपणाला कुणाची तरी जनावरं बांधलेली, व्हरांड्यात उसाचं पाचट पडलेलं. कुणाला त्या केंद्राची पर्वा नव्हती.

पण कपात म्हटल्यावर बघा. आपलं ते आपलं.

मी घरी पोचायच्या आत गंगूआक्का दारात. तिची नातसून पोटुशी होती, दिवस भरत आलेले. आक्का म्हणाली, "सिस्टर हाय म्हणून रात्री झोप लागती रं माझी. ती बी काढून न्यायची व्हय तुझ्या ताईला?"

मी म्हणालो, "आक्का, ताईंचं काय तरी धोरण असंल."

"धोरण घाल चुलीत," म्हणाली आणि केंद्राकडं चालायला लागली. तिच्या मागं बायका. बायकांच्या मागं गडी. बघता बघता सगळी वाडी केंद्राच्या फाटकात.

आणि बातमी तरी किती वाढावी! आधी नुसती कपात होती. जरा वेळानं कळलं, सिस्टरला काढणार. मग कळलं, केंद्रच पलूसला हलवणार. तेवढ्यात समोरून एक टेम्पो आला, गाद्यांनी भरलेला. कुणीतरी म्हणालं, "आले बघा खाटा-गाद्या न्यायला." झालं. पन्नाशीची माणसं टेम्पोपुढं आडवी बसली.

ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. "आवं मी मांडववाला हाय. साखरपुड्याच्या गाद्या हायत. ह्या न्यायच्या न्हाईत, द्यायच्या हायत."

"कुणाचा साखरपुडा?" आक्कानं विचारलं.

त्यानं घराचं नाव सांगितलं. ते घर आक्काच्या शेजारचंच. घरातली माणसं गर्दीतच होती. मग त्याला चहा पाजला आणि सोडला.

मेहबूबचाचा माझ्याशेजारी उभे होते. आमचे शिंपी, माझे शाळेपासूनचे सोबती. हळूच म्हणाले, "हवालदार, कापायचं काम माझंय. पण मी बी आधी विचारतो, झगा की पायजमा. तू ताईंना विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. पण तसं कसं सांगायचं? मी म्हणालो, "निरोप आला, पोचवला."

सिस्टर बाहेर आल्या. त्या बिचाऱ्या रडवेल्या. म्हणाल्या, "पेशंट येत न्हाईत म्हणून असं झालं असंल. तुम्ही आलात कधी इकडं?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग एकानं गुपचूप आपलं जनावर सोडून नेलं. बायकांनी खराटे आणले. गवत उपटायला गडी वाकले. बाकीचे व्हरांड्यात रांग लावून बसले, तपासून घ्यायला. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, एकाला काहीच होत नव्हतं तर तो म्हणाला, "मला भूक लय लागती."

त्या रांगेत मी चाचांना बळंच बसवलं. ते म्हणत होते, मला काय धाड भरलीय. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला, बीपी बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. परत बघितलं. मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "ह्यांना आत्ताच्या आत्ता मिरजेला न्या. थांबू नका."

चाचांच्या मुलानं गाडी काढली. चाचा बसताना मला म्हणाले, "तुझ्या आईचं ब्लाउज शिवून ठेवलंय, दुकानातनं घेऊन जा." गाडी वळणावर जाईपर्यंत मी बघत राहिलो. आज ही रांग लागली नसती तर? आणि उद्या हे केंद्रच नसलं तर?

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, ताई असतील आमदार, पण हे चालायचं नाही. सगळ्या वाडीसमोर फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"ताई, हणमंत बोलतोय. आमची माणसं इथं तडफडायला लागलीत आणि तुम्ही आमच्या केंद्रात कपात सुचवता? कुठल्या तोंडानं मतं मागायला येणार?"

गर्दीतून "शाब्बास" असा आवाज आला. मी आणखी ताठ झालो.

मग ताई म्हणाल्या, "दादा, कपात सूचना म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"कपात सुचवायची ती कपात सूचना."

"नाही हो. अर्थसंकल्पात खात्याला पैसे द्यायची वेळ आली की आम्ही नावापुरती कपात मांडतो. पैसे कमी करायला नाही. त्या निमित्तानं सरकारला जाब विचारता येतो. मी काल विचारलं, या केंद्रात डॉक्टर का नाही? डॉक्टर द्या."

स्पीकर चांगल्या कंपनीचा, शब्द न् शब्द सगळ्यांनी ऐकला.

गंगूआक्का फोनजवळ आली. "ताई, म्हंजे तुमी डाक्टर मागिटला?"

"हो आक्का."

"आन ह्यो हणमा काय वरडत हुता मग?"

ताईंनी हसू खोकल्यात दडवलं. मोठी बाई. शालन गर्दीत होती, तिनं पदर तोंडाला लावला. रडत नव्हती ती.

मी म्हणालो, "ताई, चुकलं. लोकांना घरी जायला सांगतो."

"थांबा," ताई म्हणाल्या. "किती माणसं आहेत तिथं?"

"सगळी वाडी."

"मग कुणी उठू नका. मला फोटो पाठवा. आज मला परत बोलायला मिळेल असं दिसतंय. सभागृहाला सांगते, आमच्या वाडीनं झाडून-पुसून केंद्र तयार ठेवलंय आणि रांग लावून बसलीय. फक्त डॉक्टरची खुर्ची रिकामी आहे."

आम्ही बसलो. आक्कानं घरून पिठलं-भाकरी मागवली. दिवस कलला तेव्हा ताईंचा फोन आला. मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला होता. त्याच सुमारास मिरजेहून चाचांच्या मुलाचा फोन आला. डॉक्टर म्हणत होते, वेळेत आणलंत. मी केंद्राच्या पायरीवर बसून डोळे पुसले. सगळे म्हणाले, ओरडा खाल्ला म्हणून रडतोय. म्हणू दे.

शब्द नुसता शब्द राहिला नाही. डॉक्टर आल्या. साताऱ्याकडच्या आहेत, तरण्या, हसऱ्या. आक्काच्या नातसुनेचं बाळंतपण केंद्रातच झालं. मुलगी झाली. चाचा आता बिनमिठाचं खातात आणि त्याचं खापर माझ्यावर फोडतात.

आणि मी? मी सुधारलो. आता मजकूर आला की सहायकाला फोन करतो, शब्दाचा अर्थ विचारतो, मगच भोंग्याला हात लावतो. मागच्या आठवड्यात ओढ्यावरच्या पुलाची बातमी सांगितली. अगदी तपासून, बरोबर, काना-मात्रा न चुकवता. वाटलं, आता कुणीतरी शाबासकी देईल.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आपणहून घरी आल्या. माझ्या दंडाला पट्टा बांधला, डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ बघितली. मी विचारलं, "काय झालं? मी तर बरा आहे."

"मलाही तसंच वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण गंगूआक्कांनी निरोप धाडला होता. म्हणाल्या, हवालदार बरोबर बोलायला लागलाय, लवकर जाऊन बघा."