निघायची रीत

माझी विहीण फिलिपीन्सची आहे असं सांगितलं की पुण्यातल्या बायका आधी "अय्या!" म्हणतात आणि मग लगेच विचारतात, "पण जेवणाचं काय?" जेवणाचं काही नाही. ती तीन वेळा भात खाते, हाताने खाते, आणि मासे उत्तम करते असं आमचे हे म्हणतात. मी शाकाहारी, त्यामुळे मला त्यातलं कळत नाही. माझ्यासाठी ती शेवयांसारख्या नूडल्स करते आणि त्यात कोबी एवढा घालते की नूडल्स शोधाव्या लागतात.

मुलगा मँचेस्टरला शिकत होता तेव्हा त्याने तिच्या मुलीला पहिल्यांदा घरी आणलं. दारातच त्या मुलीने माझा हात उचलून स्वतःच्या कपाळाला टेकवला. मला वाटलं, पोरीला कणकण वाटतेय आणि ती मला ताप बघायला सांगतेय. मी म्हटलंसुद्धा, "नो, नो, नॉर्मल आहे." नंतर कळलं, तो त्यांच्याकडचा नमस्कार. आमचे हे भलतेच खूश झाले. म्हणाले, "वाकायला नको. गुडघ्यांची सोय बघणारी माणसं दिसतात."

विहीण म्हटली की थोडं रुसावं, थोडं फुगावं, अशी आपल्याकडची जुनी हौस. मी त्यासाठी दोन-तीन कारणं तयारही ठेवली होती. पण ही बाई रुसायला सवडच देईना. वॉटफर्डमध्ये आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे राहायची, हॉस्पिटलात नर्स होती, नवरा कधीच वारलेला, आणि घरात तिची म्हातारी आई. त्यांना आम्ही थोरल्या आजी म्हणतो. सून त्यांना लोला म्हणते, म्हणजे आजीच.

लग्नानंतर मुलगा आणि सून मिल्टन कीन्सला राहायला गेले. मला मोटरवेवर गाडी चालवायची भीती वाटते आणि ह्यांना रविवारी क्रिकेट बघायचं असतं, म्हणून मी विहिणीच्या गाडीत बसून जायला लागले. तिच्या घराण्याची हकीकत मला त्या गाडीत तुकड्यातुकड्याने कळली. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. पण मला ते मराठीत आठवतं, आणि मराठीत ती मला "तुम्ही" म्हणते.

थोरल्या आजी सत्तरच्या दशकात लंडनला एका हॉटेलात खोल्या आवरायच्या कामावर आल्या. एजंटाने बजावलं होतं की मूल आहे म्हणालीस तर काम मिळणार नाही. घरी तीन वर्षांची मुलगी होती. ती त्यांनी बहिणीकडे ठेवली आणि इथे येऊन बिनलेकराच्या झाल्या. एकदा नाही म्हटल्यावर पुढे आहे कसं म्हणणार? दर तीन-चार वर्षांनी सुट्टीवर जायच्या, पाहुण्यासारख्या. मुलगी मावशीकडेच वाढली, नर्स झाली आणि बत्तिसाव्या वर्षी आपल्या पायावर इंग्लंडला आली. येताना सहा वर्षांची मुलगी ठेवून आली. त्याच मावशीकडे. तीन वर्षांनी तिला आणलं. ती माझी सून.

हे सगळं ती "आता तिसरा एक्झिट घ्यायचा" अशा आवाजात सांगायची. मी एकदा म्हटलं, "किती सोसलंत हो तुम्ही."

"सोसलं काय त्यात?" ती म्हणाली. "मावशीचं घर पक्कं झालं. मी शिकले. हीही शिकली." आणि इंडिकेटर देऊन वळली.

गेल्या वर्षी नात झाली. सून फिजिओथेरपिस्ट आहे, तिची रजा संपत आली. हवी होती त्या नर्सरीत जागा नव्हती, आणि जागा होती ती नर्सरी बघून सून गाडीत बसून रडली. नेमके आमचे हे त्याच सुमारास निवृत्त झाले होते आणि एक वर्षभर पुण्याला जाऊन राहायचं आमचं ठरलं होतं. मला एकदम उत्तर सापडलं. नातीला आम्हीच घेऊन जायचं.

यात मी जगावेगळं काही काढलं नव्हतं. आमच्या वॉटफर्डच्या मराठी मंडळींत निम्म्या पोरांनी पहिलं पाऊल कोथरूडला नाहीतर ठाण्याला टाकलेलं आहे. आजी-आजोबा, मालिशवाली बाई, मऊ वरणभात, भरपूर ऊन, आणि इथे आईबाप निवांत नोकऱ्या करतात. वर्षाने मूल परत येतं ते गुटगुटीत होऊन आणि मराठी बोलत. आणि खरं सांगते, मला नात हवी होती. पूर्ण, एकटीला. मुलाच्या वेळी मी नोकरी करत होते, त्याचं बाळपण पाळणाघराने पाहिलं. ही संधी मला सोडायची नव्हती.

रविवारी मिल्टन कीन्सला जेवताना मी विषय काढला. मुलगा म्हणाला, "आई, दॅट्स अ बिग थिंग. तिचा झोप, तिचा रूटीन, सगळा अपसेट होईल." तो इथेच वाढला, त्याच्या मराठीत झोपही पुल्लिंगी असते. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी तयारीनिशी आले होते. दूध, लसी, डास, डॉक्टर, सगळ्याची उत्तरं पाठ केली होती. सून तिच्या आईकडे बघत होती. मीही तिकडेच बघत होते, कारण खरी लढाई विहिणीशी होणार असं मी धरून चालले होते.

विहिणीने स्वतःच्या ताटात भात वाढून घेतला. "चांगलं आहे," ती म्हणाली. "घरच्या माणसांत राहील."

झालं. मला तर लग्नातसुद्धा एवढं हलकं वाटलं नव्हतं. आठवड्याभरात तिकिटं काढली. पुण्याच्या बहिणीने पाळणा घेऊन ठेवला आणि त्याचे फोटो पाठवले.

मग एका सुट्टीच्या दिवशी विहीण माझ्याकडे आली. हातात कापडी पिशवी. मला वाटलं, बाळाचे कपडे असतील. तिने पिशवीतून सुनेचे चार-पाच टी-शर्ट काढले. प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून, हवा काढून, घट्ट बंद केलेला.

"हे न धुतलेले आहेत," ती म्हणाली. "एक उघडायचा, तिच्या अंगाखाली घालायचा. उशाशी नाही, अंगाखाली. वास गेला की दुसरा. एकदम सगळे उघडू नका."

ती शांतपणे पुढे सांगत गेली. आईने निघायचं ते मूल झोपलेलं असताना. दारात निरोप घ्यायचा नाही, टाटा करायचा नाही. पहिला आठवडा फोन नाही, कारण आवाज ऐकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. फोटो रोज दाखवायचा, पण पोट भरल्यावर, उपाशीपोटी कधीच नाही. बोलायला लागून "आई कधी येणार" असं विचारलं, तर "उद्या" म्हणायचं नाही. उद्या काय ते पोरांना फार लवकर कळतं. "आंबे आले की येईल" असं म्हणायचं.

आपल्याकडे लोणच्याची कृती आईकडून लेकीकडे जाते, तशी ही त्यांच्या घरात चालत आलेली. मी विचारलं, "कपड्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आईने. तिने माझ्याजवळ तिचा झगा ठेवला होता. मावशीने नाताळच्या आवराआवरीत तो धुऊन टाकला."

"मग?"

"मग काय? सवय झाली होती. धुतलेला घेऊनच झोपायचे."

मी चहा ठेवायला उठले. मला राग यायला लागला होता, पण कोणाचा ते कळेना. चहा गाळता गाळता मी जरा जोरातच म्हणाले, "अहो, पोर आजीकडे चाललीय, अनाथाश्रमात नाही!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "मावशीसुद्धा फार चांगली होती."

मी बिस्किटं पुढे केली.

जायच्या पंधरा दिवस आधी नातीला रंगीत तालीम म्हणून दोन रात्री आमच्याकडे ठेवायचं ठरलं. पहिल्या रात्री मी सांगितल्याप्रमाणे अंगाखाली टी-शर्ट घातला. पोर कुशीवर वळली, त्या कापडाची कड मुठीत धरली आणि झोपली ती सकाळपर्यंत. मी परीक्षेत पहिली आल्यासारखी सुनेला फोन लावला. "अगं, अजिबात रडली नाही! एकदासुद्धा नाही!"

ती म्हणाली, "रडली नाही?"

"नाही गं. शहाणी आहे."

तिने फोन ठेवला. मला वाटलं, बाथरूमला वगैरे गेली असेल. तासाभरात दारात उभी. पायजम्यावर कोट चढवलेला, केस तसेच. विहीण रात्रपाळी संपवून नातीला बघायला नुकतीच आली होती, अजून युनिफॉर्ममध्येच होती. सून आमच्या दोघींच्या मधून आत गेली आणि तिने बाळाला उचललं. बाळ हसलं, तिच्या कोटाच्या बटणाशी खेळायला लागलं.

विहीण म्हणाली, "रडली नाही हे चांगलं लक्षण आहे. लवकर रुळेल."

"मीपण रडले नव्हते, मम्," सून म्हणाली.

"तू झोपली होतीस."

"नव्हते. मी जागी होते. तू बॅग उचललीस, ती दाराला आपटली, तू परत येऊन बघितलंस. मी डोळे मिटून पडले होते. मावशीआजीने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं की आई निघेल तेव्हा झोपून राहायचं, नाहीतर तिचं विमान चुकेल."

विहीण आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. मी तिला आजवर अशी मध्येच कुठे बसलेली पाहिली नव्हती. "सगळा वेळ जागी होतीस?" तिने विचारलं.

"हो."

"मी तुझ्या पायांवर चादर घातली."

"हो. माहीत आहे."

आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात ब्रश हातात घेऊन उभे होते. त्यांनाही आत जावं की बाहेर यावं ते कळत नव्हतं. सून माझ्याकडे वळली. ती मला "आई"च म्हणते, आणि तेवढं मराठी तिला येतं. "आई, सॉरी. नाही पाठवणार," ती म्हणाली. बाळाला घेऊन ती गाडीत बसली आणि निघून गेली. टी-शर्ट खोलीतच राहिला.

आता मी फार समजूतदारपणे वागले असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं झालं नाही. मला चिक्कार राग आला. बॅगा भरलेल्या, विमा काढलेला, बहिणीने शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाळणा दाखवून झालेला. आठवडाभर मी सुनेशी तुटक बोलले आणि ह्यांच्याशी तेवढंही नाही, वास्तविक त्यांचा काही संबंध नव्हता. रात्री अंथरुणावर पडले की ती पोर डोळ्यांसमोर यायची. सहा वर्षांची, डोळे घट्ट मिटलेली, श्वाससुद्धा जपून घेणारी. माझा राग काही कोणाच्या सांगण्याने गेला नाही. त्या पोरीपुढे तो टिकेना, एवढंच. आणि माझी नात अजून खोटं झोपायला शिकलेली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

मग सोय लागली, जशी लागायची तशी. विहिणीने पाळ्या कमी केल्या. मुलगा शुक्रवारी घरून काम करतो. मी सोमवार-मंगळवार वॉटफर्ड जंक्शनवरून ट्रेन पकडते. आमचे हे एकटेच पुण्याला गेले. तिथे खानावळीचा डबा खातात आणि मजेत असल्याचं फोनवर जरा जास्तच मोठ्याने सांगतात.

या सगळ्यात बेत बदलल्याचं थोरल्या आजींना कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांना ऐकू कमी येतं, आणि त्यांच्या घरात मोठ्या गोष्टी सांगायची पद्धतही नाही. हे पुण्याला जायच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे विहिणीकडे जमलो. बाळ आजींच्या पायाशी गालिच्यावर रांगत होतं. आजींनी मला इंग्रजीत विचारलं, विमान कधीचं? मी सुनेकडे बघितलं. सून त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली आणि कानाशी तोंड नेऊन त्यांच्या भाषेत मोठ्याने, सावकाश बोलली. आजींनी ऐकून घेतलं आणि काहीतरी विचारलं.

विहीण उठून स्वयंपाकघरात गेली. भात झाला की नाही बघते, म्हणाली.

"काय म्हणतायत?" मी सुनेला विचारलं.

"मी सांगितलं, मी बाळाला पाठवणार नाही म्हणाले, म्हणून ती जाणार नाही. तर लोला विचारतेय, असं म्हणता येतं?"

"मग सांग ना, येतं म्हणून."

सुनेने सांगितलं. आजींनी मान हलवली. बाळ त्यांच्या चपलेचा पट्टा ओढत होतं, त्यांनी ओढू दिला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत, आतल्या लेकीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. आत भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला. मी सुनेच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तिने अर्थ सांगितला.

"तेव्हाही येत होतं का?"