सर्व्हरचं अपडेट आणि अमावास्या

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी गेला. काल कॅलेंडरवर अमावास्येचा काळा ठिपका दिसला आणि पिंपळगावच्या एका ऑफिसातली दुपार आठवली. बाहेर टेम्पोंची घरघर होती, आतपर्यंत कांद्याचा उग्र वास येत होता. एका व्यापाऱ्याच्या कांदा लिलावाच्या वेबसाइटचा सर्व्हर भाऊ सांभाळायचा. मी त्याला घ्यायला गेले, तेव्हा तो मालकांना समजावत होता, "शेठ, आपल्या सर्व्हरचं एन्क्रिप्शन जुनं झालंय. शेतकऱ्यांचे पासवर्ड वाटेतच कुणीही वाचू शकतं. अपडेट करून जुनी पद्धत बंद करतो. थोडा वेळ साइट बंद राहील." "लिलाव चालू असताना?" "नाही, अमावास्येला. त्या दिवशी बाजार बंदच असतो." शेठ हसले. "अमावास्येला नवं काम? घरात कुणी शिकवलं नाही वाटतं!" "शेठ, मोडलेलं कुलूप बदलायला कसला मुहूर्त?" "लय शहाणा झालास. दिवाळीनंतर बघू." दिवाळीआधीच पासवर्ड चोरीला गेले. ऑफिसात जमलेल्या शेतकऱ्यांना याच शेठनी सांगितलं, "सर्व्हर याच्या ताब्यात होता, यालाच विचारा." भावाला काढून टाकलं आणि तेच अपडेट दुसऱ्याकडून घाईघाईनं करून घेतलं, तेही अमावास्येलाच. भाऊ गेल्यावर शेठ भेटायला आले. म्हणाले, "ताई, फार प्रामाणिक पोरगा होता." मग हे त्या शेतकऱ्यांसमोर का नाही सांगितलं? मी विचारलं, तेव्हा ते चहा न घेताच उठले. पासवर्ड माझ्या भावामुळे गेले, असंच पिंपळगावात आजही मानतात.