शुक्राकडे पाठ करून: यावल ते सोनगीर

माझ्या धाकट्या लेकीला, सुमनला, सातवा महिना लागला आणि तिला बाळंतपणासाठी आणायला यावलला, तिच्या सासरी, पुन्हा जायचं मी ठरवलं. पुन्हा म्हणजे, महिन्यापूर्वी रिकाम्या हाताने परतलो होतो. विहीणबाई म्हणाल्या होत्या, "भाऊ, संध्याकाळचा शुक्र पश्चिमेला आहे, तुमचं गाव तिकडेच. पोटुशी बाईले शुक्रासमोर कसं धाडू?"

मीही या गोष्टींना भितो. थोरलीच्या वेळी असाच शुक्राचा अस्त व्हायची वाट पाहत राहिलो. तिचं पहिलं मूल सासरीच, सुईण येईस्तोवर गेलं. आठवा लागला की बाईला हलवत नाहीत, म्हणजे आता दिवस थोडे.

आमच्या सोनगीरच्या भटजींनी पंचांगातून तोड काढली. चंद्र रेवती नक्षत्रात शिरला की शुक्र तीन दिवस आंधळा होतो, तेवढ्यात आणा. मग मी रोज आकाश पाहू लागलो. चंद्र झिजला, अमावास्येला दिसेनासा झाला, कोर होऊन आला, पंचमीला शुक्राच्या शेजारी जाऊन बसला. षष्ठीला रेवती लागली, पहाटेच्या गाडीने निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: धुळ्याला आणि जळगावला गाडी बदलावी लागते. पारोळा-एरंडोल रस्ता हाडं मोडणारा, मागे बसू नका. जळगावला स्टँडसमोर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, रुपयात पोट भरतं. भुसावळच्या पुढे दुतर्फा केळीच केळी. डोळे निवतात म्हणे. माझे निवले नाहीत.

विहीणबाई दारातच म्हणाल्या, "आज नाही भाऊ. केळीचा ट्रक यायचा आहे. मजुरांच्या भाकऱ्या कोण थापेल?"

"पण शुक्र आंधळा आहे तो आत्ताच!"

"शुक्राचं मले नका सांगू. ट्रक गेला की न्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर मी मान वर करून करून दुखवून घेतली, आणि कारण निघालं भाकऱ्यांचं! सुमन चुलीपुढे, पाय सुजलेले. जावई आईच्या तोंडाकडे पाहणारे. सप्तमी गेली, अष्टमी गेली. ट्रक नवमीला आला. दशमीला सकाळी मीच सुमनची पिशवी उचलली.

"आता शुक्राचे डोळे उघडले, भाऊ," विहीणबाई मागून म्हणाल्या.

"तुमचेही उघडोत," म्हणालो, आणि चालू लागलो.

बोललो खरा, पण भुसावळपर्यंत खिडकीतून पश्चिमेकडेच पाहत होतो. जळगावला धुळ्याची गाडी पार दुपार टळल्यावर लागली. ड्रायव्हरच्या पाठीमागे एक बाकडं उलट्या तोंडाचं असतं, तिथे कोणी बसत नाही, मळमळतं. मी सुमनला तिथे बसवलं, पाठ पश्चिमेला. स्वतः समोर बसलो. कंडक्टर म्हणाला, "आबा, पोरीले ओकारी होईल."

"होऊ दे."

एरंडोलपुढे दिवस मावळला. पारोळ्याला पुढच्या काचेत शुक्र लखलखीत उभा. सुमनने माझी नजर ओळखली. "आबा, तुमना समोर शे ना मंग तो!"

"ऱ्हाऊ दे. मी कोठे पोटुशी शे?"

ती इतकी हसली की कंडक्टर वळून पाहू लागला. या पाच दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मुलगा झाला, धुळ्याच्या दवाखान्यात. दोघं बरी आहेत. परवा विहीणबाईंचं कार्ड आलं: केळीची कामं पडलीत, सुनेला ताबडतोब पाठवा. रागाने मीही लगेच कार्ड काढलं. तरी पहाटे अंगणात जाऊन खात्री केली, मगच उत्तर लिहिलं: शुक्र आता पूर्वेला उगवतो, तुमचं गाव तिकडेच. लेकुरवाळीला शुक्रासमोर कसं धाडू?