तांबड्या आणि टेबलावरची घंटी

एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेली बाई निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल, असं ज्यांना वाटलं त्यांनी तिला ओळखलंच नव्हतं. दीड महिना कंडक्टरबाईंनी घरातच बस चालवली. पुढे सरका, दारात उभं राहू नका, पिशवी मांडीवर घ्या. घरात माणूस एकच, धाकटी बहीण. तीच शेवटी वैतागून म्हणाली, "ताई, तू तरी बाहेर काही काम बघ, नाहीतर मी तरी बघते." बाई तडक टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेल्या आणि येताना एक कुत्री घेऊन आल्या.

तिथून सुरू झालं. कुत्र्यांना त्या पॅसेंजर म्हणत. घरी यायचं, माणसांत राहायला शिकायचं आणि चांगलं घर मिळालं की उतरायचं. "पॅसेंजरबरोबर कंडक्टर उतरत नसतो," असं त्या ज्याला त्याला सांगत. कुत्रं गेलं की पुढचे दोन दिवस त्या धड जेवत नसत, हे बहीण सांगत असे.

शिकवण्याची रीतही बसचीच. खिशात एक पितळी घंटी. एक टोल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ओरडणं नाही, पट्टा ओढणं नाही. अशी सोळा कुत्री शिकून गेली आणि एकही परत आलं नाही. बाईंना याचा गर्व होता, आणि तो लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

सतरावा तांबड्या. एक कान अर्धा फाटलेला, ताकद बैलाची. दोन घरांतून परत आलेला. दुसऱ्या घरात तर त्याने मालकालाच जिन्यावरून ओढत खाली नेलं होतं. निवाऱ्याचा नियम असा, की तीनदा परत आलेलं कुत्रं पुन्हा कुणाला द्यायचं नाही. मागच्या पिंजऱ्यात त्याने जन्म काढायचा. बाईंनी ते पिंजरे पाहिले होते, तिथली कुत्री माणूस दिसला तरी उठत नसत. त्यांनी तांबड्यावर चार महिने घातले. शेवटी शेवटी समोरून मांजर गेलं, तरी एका टोलाला गडी पाय उचललेला तसाच थांबायचा.

त्याला घर मिळालं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं. एकटा माणूस, पुढे रस्त्यावर उघडणारं दुकान, मागे दोन खोल्या. आठवडाभर काही तक्रार आली नाही. आठव्या दिवशी काकांचा फोन आला.

"बाई, हा काही टिकत नाही इथे. गिऱ्हाईक आलं, की कधी शहाण्यासारखा बसून राहतो, कधी उठून सरळ रस्त्यावर. काही नेमच नाही. काल ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचला. जीव लागलाय हो माझा, पण माझ्या हातून मरायला नको. उद्या निवाऱ्यात सोडतो."

"उद्या मी येईपर्यंत कुठेही सोडायचं नाही," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसल्या. रात्रीचं ताट तसंच राहिलं.

सकाळी दुकान उघडायच्या आतच त्या दुकानाबाहेरच्या फळीवर जाऊन बसल्या होत्या. तांबड्याने आधी त्यांना चाटून काढलं, मग आपल्या जागी टेबलाखाली पसरला. काका डोळ्याला भिंग लावून मान खाली घालून कामाला लागले. त्या भिंगातून त्यांना चाकं दिसत, दारातला माणूस दिसत नसे. म्हणून गिऱ्हाईकासाठी टेबलावर एक घंटी ठेवलेली होती.

एक आजोबा आले. टण्. तांबड्या मान वर करून बसून राहिला. थोड्या वेळाने एक घाईतली नर्स आली. टण् टण्. तांबड्या उठला, अंग झटकलं आणि रस्त्याच्या दिशेने चालू लागला.

बाईंनी धावत जाऊन त्याचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हाताने कपाळ बडवून घेतलं.

नर्स जाईपर्यंत त्यांनी त्याला परत टेबलाखाली आणून बसवलं. "काहीतरी बिनसलंय त्याचं," असं म्हणून मोकळं होता आलं असतं. सोळा कुत्र्यांचा गर्व शाबूत राहिला असता. पण टेबलाखालून तो फाटका कान त्यांच्याकडेच वळला होता.

"काका, हा पळत नाही हो. माझं ऐकतोय. दोन टोलांना चालायला मीच शिकवलंय त्याला. दुकानात घंटी असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चूक माझी आहे, शिक्षा त्याला नको."

काका बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या दुकानात हुकूम पाळणारा हा एकटाच, आणि मी त्यालाच हाकलायला निघालो होतो!"

"मग पाटी लावा, एकदाच वाजवा म्हणून."

"लोक घड्याळ नीट वाचत नाहीत, पाटी कुठली वाचणार? द्या ती घंटी इकडे."

तासाभरात त्यांनी तिचं पोट उघडून आत एक दातेरी चाक बसवलं. आता एकदा वाजली, की पुढची दोन मिनिटं कितीही बडवा, मुकी. बाईंनी स्वतः पाचसहा वेळा बडवून पाहिली. टण्, आणि मग नुसतीच थडथड. तांबड्या जागचा हलला नाही. बाईंनी खिशातली पितळी घंटी काढून काकांच्या हातात दिली. "ही फिरायला नेताना. दोन टोल, आणि पट्टा हातात धरून."

तांबड्याच्या डोक्यावरून हात फिरवून त्या निघाल्या. मागे वळून पाहायचं नाही, असं ठरवलं होतं. पंधरा पावलं गेल्या असतील, तोच मागे दुकानात कुणीतरी घंटी वाजवली.

टण्.

बाईंचे पाय जागच्या जागी थांबले. एकतीस वर्षांची सवय. श्वास रोखून त्या दुसऱ्या टोलाची आणि चार पंजांच्या आवाजाची वाट पाहत उभ्या राहिल्या. दोन्हीही आले नाहीत. तांबड्या घरी राहिला होता. बाईंनी पदराने डोळे पुसले, "चला," असं स्वतःलाच मोठ्याने सांगितलं आणि त्या चालू लागल्या.